दहा सेकंद आणि अंगणभर जवळा

जुना कॅमेरा देऊन नवा घ्यावा म्हणून बोईसरच्या दुकानात पिशवी उघडली, तर इतक्या वर्षांनीही सुक्या जवळ्याचा वास आला. तो कॅमेरा मी चार महिने अभ्यास करून निवडला होता, कारण पुढचा दात पडल्यापासून आई फोटोत तोंडावर पदर धरायची आणि तिचा हसरा फोटो घरात एकही नव्हता. त्या दिवशी अंगणभर जवळा वाळत होता. पलीकडे आई आणि बहीण उभ्या, अलीकडे उपड्या पाटीवर कॅमेरा. दहा सेकंदांचा टायमर लावून मी धावलो. “जवल्यावर पाय दिलास तर बघ, मोटा फोटोवाला हाय,” आई पदराआडून म्हणाली. वळसा घालायला वेळ नव्हता, म्हणून उडी मारली आणि गळ्यातल्या पिशवीसकट जवळ्याच्या मधोमध बसलो. “आये, यालाबी वाळत टाक,” बहीण म्हणाली. फोटोत खाली माझी नुसती पाठ आहे, पण वर आई पदर सोडून, पडल्या दाताच्या खिडकीसकट खदखदून हसते आहे. दुकानदार मेगापिक्सेल सांगत होता. मी एवढंच विचारलं, “टायमर दहा सेकंदांचाच आहे ना? जास्त नको, नाहीतर मी वळसा घालून पोचेन.”