हमीदाने मागे घेतलेलं नाव

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गावर होते. शिपाई शेषराव दारात येऊन उभा राहिला. आत येईना, परतही जाईना. मी खडू ठेवून बाहेर गेले, तर म्हणाला, "मॅडम, शेंगावाल्या मॅडम गेल्या… घरून फोन आल्ता." क्षणभर मला वाटलं, कुठे गेल्या? कारण हमीदा कायम कुठे ना कुठे गेलेलीच असायची. कधी परतूरला, कधी मंठ्याला, कधी भोकरदनकडच्या डोंगरांत. शेषरावने मान खाली घातली तेव्हा उमगलं. सकाळी चहा पिता पिता छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं आटोपलं. त्याला आता सहा आठवडे होतील. तिच्याविषयी लिहायला मी तीनदा बसले आणि तीनदा उठले.

डॉ. हमीदा शेख आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. जालना वेगळा जिल्हा झाला त्याच वर्षी, एक्याऐंशीत, आम्ही दोघी एकाच आठवड्यात रुजू झालो. ती विज्ञान शाखेत, मी मराठी विभागात. स्टाफरूममध्ये बायका आम्ही दोघीच, त्यामुळे बाकडं एक आणि डबाही एकच झाला. तिचा अभ्यास शेंगा येणाऱ्या रानटी वनस्पतींचा. रानमूग, रानतूर, रानमटकी, खुळखुळा… मला तेव्हा वाटायचं, जन्मभर पुरेल एवढं शेंगांत असणार तरी काय? तिचे वडील जुन्या जालन्यात एका आडतीवर धान्य मापायचे आणि अम्मी, मुनीराबी, घरी बसून व्यापाऱ्यांच्या डाळी निवडून द्यायच्या. हमीदा त्यांच्या मांडीला मांडी लावून, सुपातले खडे वेचत वाढलेली. डोळे मिटून मुठीतली तूर काळ्या रानातली की माळावरची, हे ती सांगायची. आम्ही स्टाफरूममध्ये तिची परीक्षा घ्यायचो. ती चुकल्याचं मला आठवत नाही.

रविवारी ती डोंगरात निघाली की सोबत म्हणून मी जायचे. राजूरची एसटी पकडायची, मी उतरल्यावर गणपतीचं दर्शन घ्यायचं, तोवर ती देवळाबाहेरच्या हॉटेलात चहा सांगून ठेवायची, आणि मग आम्ही तिथून पुढे डोंगराकडे चालत सुटायचो. तिच्या पाठीवर रद्दी वर्तमानपत्रं घातलेल्या दोन फळ्या, पट्ट्याने आवळलेल्या. झाडं दाबून सुकवायला. मी बोलत राहायचे, ती बघत राहायची. गुडघाभर गवतातून चालताना ती अचानक थबकायची आणि खाली बसायची. मला नुसतं गवत दिसायचं. ती दोन बोटांनी ते बाजूला करायची आणि आत, नखाएवढं पिवळं फूल… एकदा भर उन्हात एका वेलासमोर ती दीड तास बसून होती. शेवटी मी वैतागून म्हणाले, "अगं, घे ना तोडून, घरी जाऊन बघ." तर म्हणाली, "इथे हा एकटाच आहे. एकट्याला हात लावायचा नसतो." वहीत त्याचं चित्र काढून ती उठली. आम्ही रिकाम्या हाताने परत आलो आणि ती मात्र एसटीत भरल्या घरातून आल्यासारखी बसली होती.

त्याच डोंगरावर पुढे तिला एक वेगळाच वेल सापडला. दिसायला रानमटकीसारखा, पण रानमटकीची पानं पसरट आणि याची गवताच्या पात्यासारखी चिंचोळी. चार वर्षं ती त्याच्या मागे होती. मोठ्या शहरांतल्या संग्रहालयांत जाऊन तिने जुने नमुने तपासले, पत्रं लिहिली, आणि मग जाहीर केलं की ही जात आजवर कुणी नोंदवलेली नाही. नव्या जातीला नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा. त्या लॅटिन नावाच्या शेवटी हमीदाने अम्मीचं नाव जोडलं. कॉलेजने सत्कार केला, वर्तमानपत्रात फोटो आला. मुनीराबींना अक्षरओळख नव्हती, पण ते लांबलचक नाव त्यांनी पाठ केलं होतं. घरी येईल त्याला सांगायच्या, "मेरे नाम की बेल है, राजूर के पहाड़ पे." आयुष्यभर दुसऱ्यांच्या डाळी निवडलेल्या त्या बाईच्या चेहऱ्यावरचं तेज मी पाहिलेलं आहे.

पुढे काही वर्षांनी, असंच एकदा आम्ही डोंगर उतरत होतो. पायथ्याला कौसाबाई नावाच्या म्हाताऱ्या शेतकरणीचं वावर होतं. तिच्याकडे पाणी प्यायला थांबायची आमची सवय. तांब्या देता देता ती म्हणाली, "बाई, तुमचा त्यो येल आमच्या बांधावर उतरलाय बघा. पर काळ्या मातीत आला की त्याची पानं पसरट होतेत. मटकीवानीच दिसून राह्यला."

हमीदाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "मावशी, दाखवा बरं."

बांधावर ती किती वेळ उकिडवी बसली होती, सांगता येणार नाही. कौसाबाई मला हळूच म्हणाली, "माझं काई चुकलं का वो? मी आपलं दिसलं ते बोलले." हमीदाने ते ऐकलं. ती उठून आली, त्या म्हातारीचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "न्हाई मावशी. चुकलं असंल तर माझंच."

त्यानंतर तिने डोंगरावरचा मुरूम पोत्यात भरून एसटीने जालन्याला आणला. कंडक्टरशी वाद घालून आणला. प्रयोगशाळेच्या मागे दोन वाफे केले, एक मुरमाचा, एक काळ्या मातीचा, आणि दोन्हींत त्याच वेलाचं बी पेरलं. तीन हंगाम ती हातात पट्टी घेऊन पान न् पान मोजत होती. मुरमातली पानं चिंचोळीच राहिली. काळ्या वाफ्यातली रुंदावत गेली, आणि तिसऱ्या हंगामात तर शेजारी लावलेल्या साध्या रानमटकीपासून तो वेल वेगळा काढता येईना. नवी जात नव्हतीच. तीच जुनी रानमटकी, खडकाळ जागी जगण्यासाठी पानं आक्रसून बसलेली.

ही गोष्ट तेव्हा फक्त तिला आणि मला ठाऊक होती. त्याच वर्षी तिचं नाव विभागप्रमुखपदासाठी पुढे होतं. तिने एका वडीलधाऱ्या प्राध्यापकांना विचारलं, तर ते म्हणाले, राजूरच्या डोंगरावर कोण बघायला येतंय, राहू द्या. आणि मी? लिहायला लाज वाटते, पण मीही तेच म्हणाले. वेगळ्या शब्दांत, एवढंच. "अम्मी आहेत तोवर थांब. त्यांचा जीव आहे त्या नावात."

हमीदा माझ्यावर रागावली नाही. नुसतं म्हणाली, "अम्मीच्या नावाने खोटं उभं ठेवू?"

ती अम्मीला सांगायला गेली तेव्हा मला सोबत घेऊन गेली. मुनीराबी ओसरीवर सुपात मसूर घेऊन बसल्या होत्या. हमीदाने सगळं सांगितलं, माती, पानं, तीन हंगाम. त्या मान न उचलता ऐकत होत्या. बोटं थांबली नव्हती. मग विचारलं, "मतलब, मेरे नाम की बेल नहीं है?"

"नहीं, अम्मी."

"पर बेल तो है ना बराबर?"

"है."

त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "तो निकाल दे. दाल में कंकर दिखा तो निकालना ही पड़ता."

हमीदा उठून आत गेली. मोरीतलं पाणी बराच वेळ वाहत असलेलं ऐकू येत होतं… मी मुनीराबींच्या सुपातले खडे वेचू लागले.

आपल्याच शोधाला खोडून काढणारा लेख तिने स्वतः लिहिला. आभाराच्या ओळीत एकच नाव होतं: कौसाबाई, शेतकरी, राजूर परिसर. विभागप्रमुखपद दुसऱ्याला मिळालं. परिसंवादांची बोलावणी थांबली, आणि स्टाफरूममध्ये कुणी 'नवीन जात सापडली का?' म्हणून हसायचं. ती चहा पीत राहायची. पण पाच-सहा वर्षांनी बाहेरगावहून संशोधकांची पत्रं यायला लागली. कोरडवाहू कडधान्यांवर काम करणारे लोक होते ते. तोच वेल मुरमात एक आणि काळ्या मातीत दुसरा कसा होतो, यातच त्यांना रस होता. त्यांना बी हवं होतं, आणि हमीदाच्या हातचंच हवं होतं. एक जण तर मुद्दाम जालन्याला आला. मी विचारलं, एवढ्या लांबून इथेच का? तो म्हणाला, "ज्या बाईने स्वतःची चूक अशी मोजून दाखवली, तिच्या मोजमापावर मला पुन्हा पट्टी ठेवावी लागत नाही." मी पंचवीस वर्षं मराठीच्या वर्गात थोरपणावर बोलत आले होते. बाकड्यावर माझ्या शेजारी कोण बसतंय, हे मला त्या परक्या माणसाने सांगितलं.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी कॉलेजच्या पत्त्यावर तिच्या नावाने एक जाड लिफाफा आला. असे लिफाफे तिला जिल्हाभरातून येत. लोक वाळकी पानं, शेंगा पाठवायचे आणि ती प्रत्येकाला कार्ड लिहायची. हा मंठ्याच्या एका कापड दुकानदाराचा होता. परसात कसलासा वेल आलाय, बायको शेंगांची भाजी करू म्हणते, चालेल का ते कळवावं. हमीदाची विद्यार्थिनी वैशाली आता तिच्या जागी शिकवते. तिने दोन दिवस पुस्तकं चाळली, भिंग लावून बघितलं, आणि माझ्याकडे येऊन म्हणाली, "मॅडम, जवळपास पोचले मी. पण नक्की सांगता येत नाही." आम्ही दोघींनी मिळून दुकानदाराला कार्ड लिहिलं, अजून ओळख पटलेली नाही, तोवर भाजी करू नये.

मग हमीदाच्या खोलीत बसून वैशालीने तो वेल जाड कागदावर चिकटवला. खालच्या चिठ्ठीवर गाव लिहिलं, तारीख लिहिली, पाठवणाऱ्याचं नाव लिहिलं. वनस्पतीच्या नावाच्या रेघेवर तिने पेन टेकवलं. माझ्याकडे पाहिलं. तिने पेन उचललं, टोपण लावलं, आणि तो कागद तसाच कपाटात ठेवून दिला.