शेवटून दुसरे

तिचे वडील संग्रहालयात हमाल होते. एकदा तिथल्या साहेबांना पुतळ्यासाठी चेहरा हवा होता; रोज समोर वावरणारा माणूस सोडून लांब कशाला जायचं? वडिलांना बाकावर आडवं केलं, नाकपुड्यांत नळ्या घातल्या आणि तोंडावर प्लास्टर थापलं.

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. शाळेच्या सहलीत ती ‘माणसाची चढण’ नावाच्या दालनात शिरली. आधी वानर, मग वाकलेला केसाळ प्राणी, मग उघडाबंब रानटी, शेवटी कोटवाले गृहस्थ. रानट्याच्या भुवईवर ओळखीचा व्रण होता. काचेच्या डोळ्यांनी वडील तिच्याकडे बघत होते. मैत्रिणी खिदळल्या.

संध्याकाळी जेवताना वडिलांनीच विचारलं, “दिसलो का गं मी? कितव्या नंबरावर?”

“शेवटून दुसरे, बाबा.”

“म्हणजे बराच पुढे आलो की!” ते खूश झाले.

वडील गेले. ती लाँड्रीत इस्त्री करू लागली, केस पिकले, पण तो चेहरा पाठ सोडेना. गिऱ्हाइकाचा कोट टांगला, की रिकाम्या कॉलरवर ते डोळे उगवायचे.

मग संग्रहालयात आलेल्या मानवशास्त्राच्या बाईंनी शोधत शोधत तिला गाठलं. दालन मोडायचं ठरलं होतं.

“पूर्वीच्या अभ्यासकांना उत्क्रांती म्हणजे शिडी वाटायची,” बाई म्हणाल्या. “काही माणसं वर पोचली, काही खाली राहिली, असं. पण ते फांद्या फुटत गेलेलं झाड आहे, आणि आजची सगळी माणसं त्यातल्या एकाच फांदीवरची. तुमच्या वडिलांना आम्ही भलत्याच जागी उभं केलं.”

“ते होते तेव्हा सांगायचं होतंत,” ती म्हणाली. मग स्वतःच, “नाही, बरं झालं, नाही सांगितलंत.”

बाईंनी वडिलांच्या चेहऱ्याचा जुना प्लास्टरचा साचा उघडून दाखवला. आतल्या खळग्यात भुवईचे दोन-चार केस चिकटले होते, अजून काळेभोर. तिने बोट पुढे केलं, पण टेकवलं नाही.

“घरी नेता?”

तिने नकारार्थी मान हलवली. बाईंनी साचा खोक्यात ठेवून झाकणाचे खिळे उचलले, तशी ती एकदम म्हणाली, “ठोकू नका हो. झाकण नुसतंच ठेवा.”

दालन आता रिकामं आहे. ती मात्र लाँड्रीला जाताना अजून संग्रहालयाच्या रस्त्याला वळसाच घालते.