देवांच्या पिशवीत निघालेलं सर्किट

अण्णांनी इंदूरहून आणलेली पिशवी देवघरापुढे ठेवली. आईने डोक्यावर पदर घेऊन तिला नमस्कार केला, गाठ सोडली, आणि आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक तपकिरी सर्किट निघालं. आमच्या घरात सर्किटला नमस्कार होण्याची ती पहिलीच वेळ. माझ्या सर्किटांना एरवी "ही घाण उचल" एवढाच मान होता.

पिशवीत असायला हवे होते आमचे देव. चांदीचे टाक. अण्णा कारखान्यातल्या नोकरीसाठी देवासला आले तेव्हा हे देव आईच्या मांडीवर बसून आले होते. खंडोबाच्या घोड्याचं तोंड घासून घासून गुळगुळीत झालं होतं, म्हणून ताईच्या लग्नाआधी उजाळा द्यायला ते इंदूरच्या सोनाराकडे गेले होते. लग्न पंधरवड्यावर आलेलं. व्याही धारचे, जुन्या दरबारी घराण्यातले, पूजेतला तांदूळसुद्धा कुठल्या दिशेला पडला ते बघणारे.

"मी पिशवी हातातून सोडलीच नाही," अण्णा म्हणाले.

"मग देव चालत गेले का?"

अण्णा पिशवी उलटी झटकत म्हणाले, "स्टँडवर उसाचा रस प्यायलो. तेव्हा बाकावर ठेवली होती."

पिशवी कापडाच्या दुकानाची, पिवळी. लग्नसराईत निम्म्या माळव्याच्या हातात तीच पिशवी. अण्णा उलट्या पावली इंदूरला गेले, पण रसवाल्याने हात झटकले. "नवे टाक करू," असं अण्णांनी म्हणून बघितलं. आई म्हणाली, "करा की. पण जुने कुठल्या बाकाखाली पडलेत ते माहीत नसताना मी नव्यांना हात कशी जोडू? देव जागेवर नाहीत तर देवक कसलं बसवताय?" ताई तेवढी म्हणायची, "होईल गं सगळं," आणि पुन्हा साड्यांना फॉल लावत बसायची.

हातात धागा एकच होता, ते सर्किट. ते कशाचं आहे ते कळलं तर कोणाचं आहे ते कळेल. आणि घरात सर्किटांचा जाणकार मी! पोस्टाने रेडिओदुरुस्तीचा कोर्स केलेला. सर्टिफिकेट बैठकीत टांगलेलं. शेजारच्या काकांचा रेडिओ मी दुरुस्त केल्यापासून तो फक्त सकाळी बोलायचा. काका म्हणायचे, "पोरानं हात लावल्यापासून रात्री झोप छान लागते."

मी भिंग घेऊन बसलो. स्टेशन लावायची गँग नाही, फेराइटचा रॉड नाही, म्हणजे रेडिओ नाही. स्पीकरकडे काही जात नाही, म्हणजे लाउडस्पीकरही नाही. दोन-तीन ट्रान्झिस्टर, एक फिरवायचं बटण, त्याच्याभोवती रेझिस्टन्सची दाटी. आणि दोन लांब तारा, प्रत्येकीच्या टोकाला पितळेची चकती.

"शॉक देण्याचं यंत्र," मी निकाल दिला. "गुडघेदुखीवाल्यांना लावतात ते."

एवढ्या ठामपणे मी बोललो की अण्णा मला घेऊन विजेचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी बोर्ड उलटसुलट केला. "मेरी मशीन तो ये रही भिया. और इसमें इतना दम नहीं कि मच्छर को भी झटका लगे."

घरी आलो तर शेजारचे काका येऊन बसले होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि आवाज खाली आणला. "वहिनी, हे नोटांच्या प्रेसमधलं दिसतंय. घरात ठेवू नका." देवासमध्ये नोटा छापायची सरकारी प्रेस आहे, आणि ज्याचा उलगडा होत नाही ती प्रत्येक गोष्ट तिथलीच असते. आईने तेवढ्यावर ते सर्किट तांदळाच्या डब्यात खुपसलं. दुसऱ्या दिवशी मी ते बाहेर काढून ब्रशने झाडलं तेव्हा ती म्हणाली, "तांदूळ मोजून घे, पुरावा राहायला नको."

आता डोकं नाही तर हात चालवायचे असं मी ठरवलं. बोर्ड खिडकीच्या उजेडासमोर धरून मागच्या तांब्याच्या रेषा कागदावर उतरवल्या. तेव्हा दिसलं, की सगळी वीज त्या दोन पितळी चकत्यांच्या मधून जायची आहे. मधे जे काही ठेवू त्यातून. आणि पुढे दोन टोकं उघडी, अधिक-वजा अशा खुणा केलेली. तिथे काट्याचं मीटर असणार, ते काढलेलं. मी सेल जोडले, माझं मल्टिमीटर लावलं आणि स्वयंपाकघरात शिरलो.

चकत्यांमध्ये तुरीची डाळ धरली. काटा झोपलेला. शेंगदाणा. झोपलेलाच. आईने उसळीसाठी भिजवलेली मटकी धरली, तर काटा सरळ पलीकडच्या टोकाला!

"हे ओल मोजतं!" मी ओरडलो.

सगळे धावून आले. अण्णांनी बोट लावलं, काटा थोडा हलला. आईने लावलं, अर्ध्यावर गेला. मग ताईने दोन्ही चकत्या चिमटीत धरल्या, आणि काटा मटकीला गेला होता तिथे जाऊन अडकला.

"हात पुसून ये," मी म्हणालो.

"पुसलेलेच आहेत."

"मग एवढी ओल कुठून?"

"गरमी आहे," ती म्हणाली. बाहेर चांगला वारा सुटला होता. ताईने चकत्या खाली ठेवल्या आणि तळवे पदरात गुंडाळून घेतले. आई तिच्याकडे बघत राहिली. अण्णांनी खुंटीवरचा सदरा काढला.

"ओलीवरून माळव्यात रोज भांडण कुठे होतं?" चपला घालता घालता त्यांनी मला विचारलं, आणि उत्तरही स्वतःच दिलं. "मंडीत. सोयाबीनच्या ढिगापुढे. चल."

त्या वर्षांत जिकडेतिकडे सोयाबीन झालं होतं. दाण्यात ओल जास्त म्हणून व्यापारी भाव पाडायचा, शेतकरी दाणा दाताखाली फोडून "आवाज सुनो, सेठ" म्हणायचा. देवासच्या मंडीतल्या आडत्याने बोर्ड बघताच ओळखला. "नमी देखने की मशीन का है. डिब्बा किधर गया?" आमची कथा ऐकून त्याने इंदूरच्या एका कारागिराचा पत्ता दिला, त्याची स्वतःची मशीनही दुरुस्तीला तिथेच जायची. कारागिराने जोड बघून आपलं काम ओळखलं आणि कपाळाला हात लावला. "धारवाले सेठ का है, भिया! डिब्बा-मीटर घर रखकर बस ये लाए थे, मैंने तो बनाकर दे दिया था. दो बार आकर मुझी पर चिल्ला गए कि मशीन माँगी थी, भगवान क्यों दिए."

दुसऱ्या दिवशी आई, अण्णा आणि मी धारला. विहीणबाई दिसतील आणि कशाला आलात विचारतील म्हणून आईने स्टँडपासून मंडीपर्यंत पदर असा काही पुढे ओढला होता की तीच पळवून आणलेली वाटावी.

शेठजींनी माझ्या हातातला बोर्ड छातीशी धरला. "दाँत दुखने लगे थे दाने चबा-चबा के!" ते म्हणाले. पेढीच्या मागेच त्यांचं घर होतं, आईचं लक्ष तिकडे. आतल्या खोलीत शेठजींच्या म्हाताऱ्या आई पाटावर बसल्या होत्या आणि त्यांच्या देव्हाऱ्यात, त्यांच्या बाळकृष्णाच्या शेजारी, आमचे टाक ओळीने उभे. हळदकुंकू लावलेले, ताजी फुलं घातलेले.

म्हातारबाईंनीही आपल्या परीने देवांची ओळख पटवली होती. घोडा आहे, हातात तलवार आहे, म्हणजे घोडावाला बाबजी. माळव्यात गावोगाव ओट्यावर बसलेले असतात ते. बाजूची ती बाबजींची माय असणार. आमच्या भवानीला खंडोबाची आई करून टाकलं होतं, पण आठ हात बघून "बड़ी माय" म्हणत होत्या आणि तिला वेगळी चुनरी शिवली होती. माझ्या शॉकच्या यंत्रापेक्षा त्या पुष्कळच जवळ पोचल्या होत्या.

आईने हात जोडले आणि आमचे देव न्यायला आलोय असं सांगितलं. म्हातारबाई पाटावरून हलल्या नाहीत.

"म्हारे याँ तो घणा राजी था," त्या म्हणाल्या, म्हणजे देव त्यांच्याकडे अगदी खुशीत होते.

देव मागायचे कसे, तेही त्यांना इतक्या मायेने सांभाळणाऱ्या बाईकडून? शेवटी आई खाली बसली आणि मोडक्या हिंदीत एवढंच म्हणाली, "बेटी का ब्याह है, माँजी. इनके बिना कैसे होगा?"

म्हातारबाईंनी देवांची फुलं सारखी केली. मग म्हणाल्या, "भूखा नी जावा दूँ." देवांना नैवेद्य झाल्याशिवाय निघता येणार नव्हतं, आणि देव जेवणार तर आम्हीही. तुपात बुडवलेले दालबाफले झाले. आमची बस गेली, पुढचीही गेली. निघताना त्यांनी प्रत्येक टाक तळहातावर घेऊन पुसला, नवीन लाल कापडात बांधला, वर नारळ ठेवला आणि आईच्या ओटीत घातला. तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. आईने त्यांना लग्नाचं बोलावणं केलं. येतील असं आम्हाला कोणालाच वाटलं नव्हतं.

पण त्या आल्या, लेकाला घेऊन, देवक बसवायच्या दिवशी सकाळीच. आपल्या पूजेत कोणी बोट घातलेलं आईला खपत नसे. खुद्द विहीणबाई दोन हात लांब बसल्या होत्या. म्हातारबाई तडक देवांपुढे आल्या, नैवेद्याच्या पानात डोकावल्या आणि सगळ्यांसमोर आईला म्हणाल्या, "बाबजी के घी कम है, बेटी. इत्ता में वणको पेट नी भरे."

विहीणबाईंनी आईकडे बघितलं. आईने तुपाची वाटी उचलून त्यांच्या हातात दिली आणि पाटावर त्यांना बसता येईल एवढी बाजूला सरकली.