गराजमधली पंगत

"खुर्च्या कशाला हव्यात? चटई बरोबरच आणलीय की त्यांनी, कमरेला बांधून."

हे माझ्या गाईड मॅडमचे मिस्टर म्हणाले. मराठीत. फ्रीमाँटमधल्या त्यांच्या घरी, गराजच्या दारात, हातात मोदकांचं ताट घेऊन. मागचे काका-काकू हसले. एक काकू तर भिंतीला टेकून हसल्या.

गराजमध्ये टोंगन बँडची माणसं उभी होती. इस्त्रीचे गणवेश, हातात ट्रंपेट, ट्रॉम्बोन. कमरेभोवती विणलेली चटई. ताओवाला म्हणतात तिला. ज्या जागेचा मान ठेवायचा तिथं जाताना ते लोक ती नेसतात. चर्चला, मयताला, मोठ्या माणसाच्या घरी. मॅडमच्या घरी ती नेसून आले होते.

सगळे हसताहेत हे बघून त्यांचा बँडमास्तर सिओनेही हसला. त्याला मराठी येत नव्हतं. त्यानं मला विचारलं, "काय म्हणाले?"

मी म्हटलं, "वेलकम म्हणतायत."

हेवर्डमधल्या टोंगन चर्चच्या या ब्रास बँडवर मी पीएचडी करत होते. पॅसिफिक बेटांवरून आलेल्या लोकांची लोकप्रिय संस्कृती, असा माझा विषय. भजनं, रेगे, रेडिओवरची ताजी गाणी, सगळं एकाच पितळेतून निघतं. लग्न असो, मयत असो, पोराचा एकविसावा वाढदिवस असो, बँड लागतोच. मॅडम माझ्या गाईड. पुण्याच्या. पहिल्या भेटीत त्यांनी आडनाव विचारलं, मग गाव, मग वडील काय करतात. लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे, मी सांगितलं.

"अय्या, म्हणजे तुझ्या रक्तातच आहे की."

रक्तात काही नसतं. ओठ फुटेपर्यंत फुंकून शिकला माझा बाप. पण मी मान डोलावली. गाईडची सही नाही तर पीएचडी नाही, पीएचडी नाही तर व्हिसा नाही. पुढं प्रत्येक सेमिनारमध्ये मॅडमनी माझी ओळख त्या रक्तानंच करून दिली.

आम्ही मातंग. परभणीकडचे. बाप भिडस्त, म्हणून सुपारी ठरवायला मी जायची. सुपारी म्हणजे बँडचं बुकिंग. शाळेच्या ड्रेसवर पाटलाच्या ओट्याखाली उभी राहायची आणि भाव सोडायची नाही. "लई तिखट पोरगी हाय बँडमास्तरची," म्हणायचे आणि द्यायचे. एकच गोष्ट मला कधी वसूल करता आली नाही. जेवणाची जागा. सगळ्या पंगती उठल्या की आतून आवाज यायचा, "वाजंत्र्यांना वाढा रे मागं." मागं म्हणजे जनरेटरपाशी. बाप ट्रंपेट मांडीवर घेऊन डिझेलच्या वासात जेवायचा. पैसे चोख मिळायचे. खुर्ची नाही.

म्हणून मॅडम जेव्हा म्हणाल्या, "यंदा विसर्जनाला तुझा बँड आण ना, डीन येतायत आपल्याकडे," तेव्हा मी सौदा केला.

"पैसे नकोत, मॅडम. पाहुणे म्हणून बोलवा. सगळ्यांबरोबर टेबलावर जेवतील. आणि जेवणाआधी यजमानानं उभं राहून त्यांचे आभार मानायचे. त्याशिवाय ते घासाला हात लावत नाहीत."

"अर्थात गं," मॅडम म्हणाल्या. "मलाच शिकवतेस का आता?"

बँड आला. पाहुणे म्हणून आला, म्हणून फुकट आला. घरापासून कोपऱ्यापर्यंत मिरवणूक निघाली. असं वाजवलं त्यांनी की गल्लीतले गोरे, चिनी, पंजाबी, सगळे ड्राइव्हवेवर येऊन उभे राहिले. डीनबाई नाचल्या. मॅडमनी व्हिडिओ केले. मागच्या अंगणात प्लास्टिकच्या टबात गणपती बुडवला, आरती झाली, पाहुणे आत गेले. बँडला मिस्टर म्हणाले, "धिस वे, प्लीज." गराज.

वॉशिंग मशीनवर दोन ट्रे, पुलाव आणि बटाट्याची भाजी. कागदी प्लेटा. खुर्ची एकही नाही. मी खुर्च्या मागितल्या, तेव्हा तो चटईचा विनोद झाला.

ते जेवले नाहीत. उभे राहिले. यजमान येईल, बोलेल, मग खायचं. पुलावावरची वाफ गेली. मॅडमची मुलगी दारातून डोकावली. "मॉम इज आस्किंग, डोन्ट दे लाइक व्हेज?"

मी आत गेले. मॅडम ताट हातात घेऊन डीनबाईंना इंग्रजीत सांगत होत्या की या बेटांवरच्या समाजात वादकाला केवढा मान असतो, आणि आपण तो कसा हरवून बसलो.

"मॅडम, दोन मिनिटं बाहेर या. थांबलेत ते तुमच्यासाठी."

"तूच बोल ना माझ्या वतीनं." मराठीत, आणि चेहरा असा हसरा, की बघणाऱ्याला वाटावं लाडाचं काहीतरी चाललंय. "आणि तूही तिकडेच जेव त्यांच्याबरोबर. तुला सवय आहे." मग आवाज खाली. "सोमवारी तुझ्या ड्राफ्टवर सही करायचीय मला. उगाच तमाशा नको."

तुला सवय आहे.

डीनबाईंनी विचारलं, काही अडचण आहे का. आजवर अशा प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर होतं, नाही. मी म्हटलं, आहे. आणि सांगितलं, इंग्रजीत, सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं. काय ठरलं होतं. गराजच्या दारात मिस्टर काय बोलले. मॅडम आत्ता काय म्हणाल्या. शब्दाला शब्द. सवयीचंही आणि सहीचंही.

"जोक होता यार," मिस्टर म्हणाले.

मॅडम डीनबाईंकडे वळल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या की ही मुलगी गुणी आहे, पण संदर्भ सोडून बोलते. डीनबाईंनी मान खाली घातली. मला वाटलं, आता उठतील. त्यांनी श्रीखंड संपवलं.

मी गराजमध्ये गेले आणि तेच सिओनेला सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मागं वळून आपल्या भाषेत दोनच शब्द बोलला. वाद्यं पेट्यांत गेली. ट्रेला कुणी हात लावला नव्हता, तसेच राहिले. मग तो माझ्याजवळ आला. एअरपोर्टवर सामान चढवणारा आडदांड माणूस, पण आवाज बारीक झाला होता.

"मी हसलो होतो. तू माझ्या शेजारी उभी होतीस. तू मला हसू दिलंस. आणि आधी जाऊन त्यांना सांगितलंस."

माझ्या बापाला जनरेटरपाशी बसवायचे, तेव्हा कुठं बसवलंय हे त्याला कळत तरी होतं. सिओनेला मी तेवढंही कळू दिलं नव्हतं. मी त्यांच्याच व्हॅनमधून आले होते. व्हॅन मला न घेता गेली.

सोमवारी सही झाली नाही. बँडच्या तालमीचं दारही मला बंद झालं. मी लिहायला बसले आणि थिसिसचं पहिलं प्रकरण फाडून नवं लिहिलं. ते गराजचं आहे. पानं छापून मी चर्चच्या पार्किंगमध्ये उभी राहिले. सिओनेनं गाडीला टेकून वाचली. आत ये म्हणाला नाही.

"मी हसलो, ते यात तसंच राहू दे," एवढंच म्हणाला आणि पानं परत दिली.

मॅडमच्या कानावर गेलं. फोन आला. "ते प्रकरण काढ. सही करते."

मी गप्प राहिले. भाव चालू असताना गप्प बसलं की समोरचा वाढवतो, हे मी ओट्याखाली उभी राहून शिकलेय.

"रेकमेंडेशनही देते. चांगलं देते."

मी गप्प.

"हे बघ, पुढच्या नोकरीसाठी शब्द टाकते मी. आणि सॉरी म्हणते, हवं तर. तुला."

मला. त्यांना नाही.

आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला मागितल्याशिवाय इतकं देत होतं. "विकायला नाही ते, मॅडम," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

प्रकरण निघणार नाही. दुसरा गाईड शोधतेय. मिळाला नाही तर सहीशिवाय छापीन, व्हिसा संपला तर परभणीतून छापीन. आणि जिथं जिथं मला असल्या दिवाणखान्यात बोलावतील, तिथं मी जाईन. मराठीत हसत हसत जे बोललं जातं, ते मी पुढच्या क्षणाला मोठ्यानं इंग्रजीत सांगेन. ज्याच्यावर हसले, त्याला आधी.