डावी बाजू नेरिओची

मेदार्दो झोबोलीला डाव्या कानानं ऐकू येत नसे, आणि त्याचं त्याला मुळीच दुःख नव्हतं. "हा कान मी मेहुण्याला दिलाय," असं तो छाती काढून सांगे. उभी हयात त्याचा मेहुणा नेरिओ त्याच्या डाव्या अंगाला उभा राहून पत्रा ठोकत आला होता. नेरिओचा उजवा कान गेला तो मेदार्दोच्या हातोडीनं. दोघं शेजारी जेवायला बसले की एकाचं दुसऱ्याला ऐकू जायचं नाही. मेदार्दोची धाकटी बहीण अर्जिया ही नेरिओची बायको. ती वाढता वाढता म्हणायची, "म्हणून तर तुमचं जमतंय. ऐकू आलं असतं तर कधीच डोकी फुटली असती."

लढाई संपली तेव्हा पानारो नदीच्या काठाला मोडक्या विमानांचे पत्रे पडले होते. हलके, चांदीसारखे. या दोघा पोरांनी ते खांद्यावरून घरी आणले आणि त्यांची पातेली केली, मग दुधाचे कॅन केले. हात इतका बसला की मोदेनाहून एक शर्यतवाला एक दिवस दारात येऊन उभा राहिला. त्याच्या ट्रकवर एक इंजिन, चार चाकं आणि नळ्यांचा उघडा सांगाडा होता. गाडी म्हणावी असं वर काही नव्हतं.

"हिला कपडे शिवा," तो म्हणाला.

"कसले?" मेदार्दोनं विचारलं.

"उभी असली तरी पळतेय असं वाटलं पाहिजे, असले."

बस, एवढ्यावर काम सुरू झालं. कागद नाही, नकाशा नाही. भिंतीवर खडूनं एक लांब रेघ ओढली, तिच्याकडे बघत तारेचा पिंजरा बांधला, आणि त्या पिंजऱ्यावर बसेल असा पत्रा ठोकायला घेतला. पत्रा ठोकायचा तो झाडाच्या ओंडक्यावर. ओंडक्याच्या माथ्यावर कोरलेला खळगा असतो, त्यात पत्रा धरून लाकडी मोगरीनं मारत गेलं की सपाट पत्र्याला पोट येतं. मेदार्दोचा ओंडका अक्रोडाचा, नेरिओचा एल्मचा. ज्याचा ओंडका त्याचा. एकवेळ दुसऱ्याचा कंगवा वापरतील, ओंडका नाही.

नेरिओ डावखुरा. म्हणून गाडीची डावी बाजू त्याची, उजवी मेदार्दोची, आणि मध्ये नाकावर दोघांची सांधजोड. दोघांचा हात वेगळा होता. मेदार्दोचा पत्रा सडसडीत, ताणलेला, शिकारी कुत्र्याच्या बरगडीसारखा. नेरिओचा भरलेला, गोल, भट्टीतून नुकत्या काढलेल्या पावासारखा. त्यामुळे त्यांच्या एकाही गाडीच्या दोन बाजू सारख्या नसत.

"जाडी केलीस परत," मेदार्दो हातवारे करून ओरडे.

"तुझी उपाशी आहे," नेरिओ ओरडे. "आणि एका वेळी दोन्ही बाजू बघणारा माणूस अजून जन्माला यायचाय!"

गाडी तयार झाली की खरं भांडण लागे. ती दारात उभी करायची, पण रस्त्याकडे कुठली बाजू? एक पुढून ढकली, एक मागून. सगळा गाव बघायला जमे. अर्जिया सारण भरलेल्या तोर्तेलिनीचं भांडं घेऊन मध्ये उभी राही आणि म्हणे, "जी बाजू जिंकेल तिला वाढते. दुसरी भिंतीकडे तोंड करून बसेल."

असं एक दशक गेलं, दुसरं गेलं. बिनटपाच्या लाल गाड्या झाल्या, त्यांत माणूस टबात बसल्यासारखा बसे. मग लांब नाकाच्या, बंद छपराच्या झाल्या. कैरोच्या एका कापूसवाल्याला मागे शिकारी कुत्रा बसवायचा होता, तर त्या कुत्र्याच्या मापानं छप्पर उचललं. मिलानच्या एका बाईला टोपी न काढता बसायचं होतं, तिच्यासाठी दाराची चौकट वर नेली. प्रत्येक गाडी एकच, तिच्यासारखी दुसरी नाही. त्यांतल्या एकीतही हे दोघं बसून कुठं गेले नाहीत. शिंपी काय दुसऱ्याच्या लग्नाचा कोट घालून फिरतो?

पुढं कारखान्यांतून घरं भरतील एवढाली यंत्रं आली. एका दाबात अख्खं दार बाहेर, डावं उजव्यासारखं, पहिलं हजाराव्यासारखं. छपराखालची ठोकठोक थांबली. दोघांनी आपापला ओंडका घरी नेला आणि पन्हळी करू लागले, पिठाच्या कोठ्या करू लागले. एका धुक्याच्या हिवाळ्यात नेरिओ गेला. त्या दिवसापासून मेदार्दो चौकातल्या बारमध्ये पत्ते खेळताना डाव्या हाताची खुर्ची रिकामी ठेवू लागला. "तिकडून मला तसंही ऐकू येत नाही," एवढंच तो म्हणे.

आणि मग एका वसंतात ट्रकवर ताडपत्री घालून ती आली.

आणणारी होती इलारिया मांतोवानी, त्या पहिल्या शर्यतवाल्याची मुलगी. बापानं विकलेली गाडी तिला दक्षिणेत एका गोठ्यात गवताखाली सापडली होती. ताडपत्री ओढली तसा मेदार्दोनं तिच्या नाकावर हात टेकला. तीच, पहिली. रंग उडालेला, कातडी बैठका उंदरांनी खाल्लेल्या. डाव्या बाजूचं पुढचं मडगार्ड कुठंतरी गळून गेलेलं. डावं दार मात्र शाबूत होतं.

"मेदार्दोकाका, सांता जुलियाच्या सणाला जुन्या गाड्या टेकडी चढतात," इलारिया म्हणाली. "बाबा हिला घेऊन पहिले आले होते त्या चढणीवर. मला हिला परत न्यायचीय. तुमच्या हातचं मडगार्ड लावून."

बारमध्ये बातमी पोचायला काय उशीर! "मेदार्दो, चुकून पन्हळ लावशील रे तिला," कुणीतरी म्हणालं. "पाऊस तरी नीट वाहून जाईल!"

मेदार्दोनं अक्रोडाचा ओंडका पुढं ओढला. उजव्या मडगार्डावरून तार वाकवून माप घेतलं, ते आरशात दिसावं तसं डावीकडं फिरवलं, आणि पत्रा ठोकला. पत्र्याला साबण चोळून ज्योत दाखवावी, साबण काळा पडला की पत्रा मऊ झाला समजावं. हे सगळं हाताला आपोआप आठवलं. मडगार्ड झालं ते असं देखणं की उचलून आरती करावी. त्यानं ते जागेवर धरलं.

बसेना.

पुढून बसे, तर दाराशी वर उचललं जाई. दाराशी दाबलं की नाकाशी फट पडे. इलारिया वाकून बघत होती. ती बिचकत म्हणाली, "दाराची कड थोडी कापली तर? दार बारीक केलं तर बसेल ना?"

बसलं असतं. त्यात खोटं काही नव्हतं. मेदार्दोनं कात्री उचलली आणि दारावर खडूची रेघ ओढली. तेवढ्यात अर्जिया आली, हातात रुमालात बांधलेला पाव आणि हॅम. तिनं गाडी बघितली, रेघ बघितली, कात्री बघितली.

"दादा, काय कापतोयस?"

"बसत नाहीये. तुझ्या नवऱ्यानं दार जाड करून ठेवलंय."

अर्जियानं दारावरून तळवा फिरवला, घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा. मग म्हणाली, "त्याची हाडं चर्चमागं आहेत आणि हात इथं आहे. हाडं हवी तर ने, हात कापू देणार नाही."

"मग मी करू काय?"

"तुला दिसत नाही? कान गेला, आता डोळेही गेले का? डावीकडं तू दुसरी उजवी बाजू लावून ठेवलीयस! जन्मभर त्याला जाडी म्हणून चिडवलंस. आता एकदा कर की जाडी. जमते का बघू."

मेदार्दोनं कात्री ठेवली. बाहेर पॉपलरचा कापूस उडत होता, तो दारातून येऊन गाडीवर बसत होता. दोन बाजू कधीच सारख्या नव्हत्या हे त्या ठोकणाऱ्या दोघांइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्यांतलाच एक ते विसरला होता.

सकाळी तो ढकलगाडी घेऊन अर्जियाच्या अंगणात गेला. नेरिओचा एल्मचा ओंडका तिथं विहिरीजवळ होता. माथ्यावरच्या खळग्यात पाणी भरलेलं, आणि कोंबड्या ते पीत होत्या. त्यानं कोंबड्यांना हुसकलं, पाणी ओतलं आणि खळग्यात हात घातला. खळगा त्याच्या ओंडक्यापेक्षा रुंद होता, आणि एका कडेला जास्त खोल. डावखुऱ्या माणसाचे सगळे घाव तिथं पडून पडून तो तसा झाला होता.

"कोंबड्यांना आता मी कशात पाजू?" अर्जिया ओट्यावरून ओरडली.

"लाम्ब्रुस्को वाइन पाज! अंडी तांबडी होतील!"

पण उजव्या हातानं मारून त्या खळग्यात पत्रा बसेना. खोल कड होती पलीकडं, आणि घाव पडत होते अलीकडं. तेव्हा त्यानं मोगरी डाव्या हातात घेतली. पहिला घाव अंगठ्यावर बसला. दुसरा ओंडक्यावर. तिसऱ्यानं पत्र्याला अशी खोच पडली की नेरिओनं पाहिलं असतं तर हसून लोळला असता. म्हातारपणी अक्षर गिरवायला बसावं तसा तो बसला. टाकाऊ तुकड्यांवर दिवसच्या दिवस डावा हात घासला. बारमध्ये पत्तेही डाव्या हातानं वाटू लागला. लोक म्हणाले, आता डोकंही गेलं. अंगठा काळा पडला. आणि मग एका दुपारी, घाव मोजायचे सोडून तो नुसता मारत होता, तेव्हा मोगरी आपसूक त्या खोल कडेला पडू लागली. पत्र्याला पोट आलं. गोल, भरलेलं, पावासारखं.

त्यानं डोळे मिटले, तळव्याखाली फडकं धरलं आणि दारापासून नाकापर्यंत हात नेला. दार कुठं संपलं आणि मडगार्ड कुठं लागलं ते हाताला कळलं नाही.

अर्जियाला बोलावलं. तिनंही डोळे मिटून हात फिरवला. बराच वेळ फिरवला. मग नाक मुरडून म्हणाली, "जाड झालंय."

मेदार्दो इतका मोठ्यानं हसला की छपरावरची कबुतरं उडाली.

सांता जुलियाच्या दिवशी टेकडीच्या माथ्यावर, देवळापुढच्या चौकात, सगळा गाव उभा होता. पाद्री पवित्र पाणी घेऊन आणि बारमधले लालभाई वाइन घेऊन. मेदार्दो उजवा कान रस्त्याकडं करून उभा राहिला. आधी खालच्या वळणावर आवाज आला, मग मधल्या, मग चेरीच्या झाडांतून लाल काहीतरी चमकलं, आणि ती गाडी अशी उसळून वर आली जशी तीस वर्षं गवताखाली नव्हे, धनुष्यावर ताणून ठेवली होती. इलारिया चालवत होती. शेजारी अर्जिया, डोक्याला रुमाल, एका हातानं दार घट्ट धरलेलं, आणि तोंडानं अखंड ओरडत होती.

"दादा! हे पळतंय रे! तुम्ही दोघांनी मला कधी सांगितलं नाही, हे असं पळतं!"

चौकात टोप्या उडाल्या. पत्ते खेळणारे टेबलावर चढले. पन्हळीचा विनोद करणाऱ्यानं स्वतःचा पेला आणून मेदार्दोच्या हातात दिला, आणि मेदार्दोनं तो डाव्या हातानं घेतला.

इलारिया गाडी लावायला वळवू लागली. सहज तिनं उजवी बाजू लोकांकडं आणली. मेदार्दो पुढं झाला, नाकावर हात ठेवून तिला थांबवलं, आणि दोन्ही हातांनी खुणा करत गाडी पूर्ण फिरवायला लावली. उजवी बाजू देवळाच्या भिंतीला लागली. चौकाकडं राहिली डावी.

अर्जिया उतरता उतरता थबकली. "दादा, तुझी भिंतीकडं गेली की. रुसेल ना ती."

"रुसू दे," मेदार्दो म्हणाला. "आज त्याला वाढ."