स्टिअरिंगच्या तेलातली हळद

गाडी वळवली की बोनेटखालून जो आवाज यायचा, तो आठवला तरी अजून माझे दात आंबतात. आधी घूंऽऽ करून सुरू व्हायचा आणि चाक पुरतं वळलं की किंचाळायचा. त्यात गळती. चिखलीतल्या आमच्या घरासमोरच्या फरशीवर रोज सकाळी लालसर-काळं डबकं साचलेलं. आई त्यावर राख टाकायची आणि मग तो राखेचा चिकट लगदा चपलांना लागून घरभर फिरायचा. मला मुळात तेलाचा ओशटपणा सहन होत नाही. जेवताना बोटांना तूप लागलं तरी मी उठून हात धुऊन येतो. असा माणूस जीप ड्रायव्हरच्या पोटी जन्माला घालताना देवानं काय विचार केला होता, कोण जाणे.

बाबांनी तीस वर्षं चिखली-मेहकर रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवली. बाजाराच्या दिवशी डोणगावपर्यंत. दहा जणांच्या जीपमध्ये वीस माणसं कोंबायची आणि तरी कोणाला खरचटू द्यायचं नाही, अशी त्यांची ख्याती. जीप कधीच गेली. आता एक जुनी कार आहे आणि बाबांना तिचं एकच काम उरलंय, माझ्या सहा वर्षांच्या मुलीला शाळेत सोडायचं आणि आणायचं.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी शाळेच्या फाटकाला गाडी घासली. मुलगी आत बसलेली होती. कोणाला काही झालं नाही, पण मागच्या दाराचा पत्रा चिरला. बायकोनं त्या संध्याकाळी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाबांना नीट दिसत नाही. मुलगी आता त्यांच्या गाडीत जाणार नाही, हे तुम्ही सांगा त्यांना." मी सांगितलं नाही, नुसतं आडून विचारलं. तेवढ्यानंच बाबा उसळले.

"माह्या डोयात काई दोष नाई. स्टिअरिंग जड झालं, ऐन वेळेवर वळलंच नाई. दोष गाडीत हाय."

बापाला "तुम्ही आता गाडी चालवू नका" असं म्हणायची माझ्यात धमक नव्हती. म्हणून मी मधला मार्ग काढला. रविवारी स्टिअरिंग उघडून बघायचं. दोष गाडीतच निघाला तर बाबा खरे, मुलगी त्यांच्याबरोबर जाईल. नाही निघाला तर बघू. गॅरेजला न्यायचं म्हटलं तर बाबा ऐकेनात. "ज्यायले म्या पाना धरनं शिकवलं, त्यायच्या दारात गाडी नेऊ? घरीच खोल. मी बसतो बाजूले."

ते खुर्ची टाकून बसले. मी मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहून, जुना शर्ट घालून, गाडीखाली शिरलो. खाली काय नव्हतं! गावभरच्या रस्त्यांवरचा चिखल, शेण, तेलाची कातडी धरलेली धूळ. हाताला जे लागलं ते मऊ होतं, आणि गाडीखाली मऊ लागलेली कुठलीच गोष्ट चांगली नसते. गळती कुठून होती ते लवकर सापडलं. स्टिअरिंगकडून तेल टाकीत परत आणणारा रबरी पाइप टोकाला फुटला होता. म्हणजे दोष गाडीत होता! मी खालूनच ओरडलो, "बाबा, पाइप गेलाय!"

"मंग? काय म्हनलो मी?" बाबांचा आवाज एकदम दहा वर्षांनी तरुण झाला. खरं सांगतो, मलाही फार बरं वाटलं.

पाइप ओढून काढला आणि आतलं सगळं तेल माझ्या मनगटावरून कोपरावर, कोपरावरून थेट काखेत. एक थेंब ओठावर. मी थू थू करत बाहेर आलो, कपडे धुवायच्या साबणानं तोंड घासलं आणि तेलाची टाकी सोडवून हातात घेतली. टाकी म्हणजे तांब्याएवढी प्लास्टिकची डबी, रेडिएटरच्या पाण्याच्या डबीला लागूनच बसवलेली. झाकण काढून आत पाहिलं.

तळाला बोटभर गाळ होता, पिवळा, घट्ट, तान्ह्या पोराच्या लंगोटात असतो तसा. आतली बारीक जाळी त्यानं पार लिंपून टाकली होती. स्टिअरिंग हलकं करणाऱ्या पंपाला तेलच मिळत नव्हतं, मग तो किंचाळेल नाही तर काय करेल! मी काडीनं थोडा गाळ काढून हुंगला. जळक्या तेलाच्या खालून ओळखीचा वास आला. करपलेल्या फोडणीचा. हळद!

रेडिएटर गळायला लागलं की मूठभर हळद टाकायची, ती भोकात जाऊन बसते आणि गळती थांबते, हा आमच्याकडच्या जुन्या ड्रायव्हरांचा हुकमी इलाज. पण तो पाण्यात. तेलाच्या टाकीत हळद टाकणारा महाभाग मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"कोण्या गाढवानं यात हळद टाकली?" मी भडकलो. "याला अक्कल म्हणायची?"

बाबा माझ्यापेक्षा जास्त तापले. "मागच्या साली तू कंपनीत सर्व्हिसिंगले देली होती ना, त्यायचंच काम. रेडिएटर कोनतं अन् तेलाची टाकी कोनती, एवढंही समजत नाई बेट्याले. असल्याच्या हातात गाडीच देऊ नये!"

"देऊच नये," मीही म्हणालो.

आई चहा घेऊन दारात उभी होती. तिनं अगदी सहज म्हटलं, "अवो, हयद तं तुमीच नेली होती ना? दिवाईच्या अगोदर, वाटीभर. रेडिएटर टिपकून राह्यलं म्हने."

चहा तिच्या हातातच राहिला.

"लाल दिसलं खाली," बाबा म्हणाले. "आजकाल रेडिएटरचं पानीही लालच असते." मग उठले आणि गाडीपाशी आले. "टाकी बसव जाग्यावर. दोनी झाकनं लाव."

मी लावली. बाबा वाकले, इतके की नाक जवळजवळ डब्यांना टेकलं. बराच वेळ पाहून त्यांनी एका झाकणावर बोट ठेवलं. "हे पान्याचं. बराबर?"

ते तेलाचं होतं.

"हो," मी म्हणालो. "बरोबर."

त्यांनी बोट उचललं नाही. झाकणावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. त्या झाकणावर स्टिअरिंगच्या चाकाची उठावाची खूण असते. ती त्यांच्या अंगठ्याला लागली.

"खोटं काऊन बोलतं बे?" ते म्हणाले, आणि परत खुर्चीत जाऊन बसले.

पुढचे दोन तास मी त्या घाणीत घालवले. टाकी तीनदा रॉकेलनं धुतली, जाळी दातांच्या ब्रशनं घासली, नवा पाइप घातला, पट्टी आवळली. प्रत्येक वेळी नखांत जाणारा तो पिवळा गाळ पाहून मळमळायचं. पुढची चाकं जॅकवर उचलून, नवं तेल भरून मी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिलो. बाबा डोळे मिटून ऐकत होते. "अजून हवा हाय आत. फिरव. अजून." मला काहीच ऐकू येत नव्हतं, त्यांना येत होतं. शेवटी म्हणाले, "बस, झालं."

आवाज गेला होता. खाली कागद अंथरला, त्यावर थेंब नाही. एका बोटानं चाक फिरत होतं. गाडी आता बाबा म्हणत होते तशी निर्दोष होती. मी ड्रायव्हरकडचं दार उघडून धरलं आणि खोट्या उत्साहानं म्हणालो, "चला, एक चक्कर मारा."

बाबा बोनेटवर हात टेकत पुढून वळसा घालून गेले, डावीकडचं दार उघडून आत बसले आणि समोर बघत म्हणाले, "उद्यापासून पोरीले शायेत तूच नेजो."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण नंतर. आधी वाटलं ते एवढंच, की सुटलो बुवा, आपल्याला सांगावं लागलं नाही. त्या गाळाची आली नव्हती तेवढी शिसारी मला तेव्हा माझीच आली. बाबा वाट पाहत होते. मी आत बसलो आणि गाडी सुरू केली.