लाइन बंद आसा

धोंडू मेस्त्री यांनी ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी न्हाणीघराची कडी लावली आणि दाढीच्या ब्लेडने उजव्या खुब्यावरचे केस काढले. खुबा दुखत असल्यामुळे धड वाकता येत नव्हतं, मागची बाजू दिसत नव्हती. काही ठिकाणी कापलं. तिथे त्यांनी तुरटी फिरवली.

हे करू नका, असं हॉस्पिटलने बजावलं होतं. ब्लेडच्या बारीक जखमांतून जंतू आत जातात. गरज पडली तर आमची सिस्टर मशीनने केस काढेल, असं सांगितलं होतं. मेस्त्रींच्या डोक्यात त्यातलं शेवटचंच वाक्य राहिलं. सिस्टर म्हणजे सुनेच्या वयाची बाई असणार होती.

मेस्त्री सत्तरीला आले आहेत, मूळचे कुडाळकडचे. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर धोंडू पाणीखात्यात लागले आणि चावीवाला म्हणून निवृत्त झाले. रस्त्यातलं झाकण उघडून, लांब चावीने व्हॉल्व्ह फिरवून एकेका वस्तीचं पाणी सोडायचं आणि बंद करायचं, हे चावीवाल्याचं काम. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्त्या त्यांच्याकडे होत्या. डांबरावर ओल दिसली, की खाली पाइप फुटलाय की कुणी बादली सांडलीय, हे ते उभ्याउभ्या सांगत. सगळी नोकरी त्या चढउतारांवर झाली. पुढे चालणं अशक्य झालं, तेव्हा खुब्याचा सांधा बदलायचं ठरलं.

बायको वारल्यापासून ते मुलुंडला मुलगा राजेश आणि सून श्रुतिका यांच्याकडे राहतात. श्रुतिका एका हॉस्पिटलात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. सासरा-सुनेचं बोलणं मोकळं, पण मेस्त्री तिच्यासमोर कधी नुसत्या बनियनवर बसले नाहीत.

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टरने ओरखडे पाहिले. "काका, ब्लेड कोणी लावलं?" मेस्त्री छताकडे बघत राहिले. डॉक्टर आले, ओरखडे कापायच्या जागेपासून लांब आहेत, असं पाहून त्यांनी पुढे जायचं ठरवलं. सांधा नीट बसला. टाके निघाले तेव्हा जागा कोरडी होती. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं: जागा लाल झाली, दुखणं वाढलं, ताप आला किंवा पाणी येऊ लागलं, तर त्याच दिवशी कळवा.

सुरुवातीला राजेश रोज जागा बघत होता. मग कामासाठी त्याला पुण्याला जावं लागलं. श्रुतिका ड्युटीवरून आली की दारातूनच विचारायची, "बाबा, पाणी येतंय का?"

"नाय गो. लाइन बंद आसा."

ती हसायची. नळाला पाणी नसलं की वस्तीला ते हेच उत्तर द्यायचे. घरात त्याची गंमत झाली होती.

राजेश गेल्यावर काही दिवसांनी लेंग्याला ओल लागली. मेस्त्रींनी बोट लावून पाहिलं, वास घेतला. त्यांना कळलं. संध्याकाळी सुनेने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "लाइन बंद आसा." ती हसली.

जुन्या पंच्याच्या घड्या करून ते जागेवर ठेवू लागले. राजेश फोनवर बोलला, त्यालाही सांगितलं नाही. तो बायकोलाच बघायला सांगेल, हे त्यांना माहीत होतं. खालच्या केमिस्टकडून त्यांनी जखम पिकल्यावरच्या कॅप्सूल मागवल्या. पाणी थोडं कमी झालं, थांबलं नाही. रात्री कणकण येऊ लागली. ते चहाला स्वयंपाकघरात येईनासे झाले.

श्रुतिकाला संशय आला तो ओल्या लेंग्यामुळे. आयुष्यात कधी चहाचा कप न विसळलेला माणूस वॉकर धरून न्हाणीघरात गेला होता आणि लेंगा धुऊन दोरीवर टाकला होता. तिने तो उतरवून पाहिला. पिवळट डाग गेला नव्हता.

"बाबा, लेंगा तुम्ही धुतला?"

"लेंगो मळलो होतो."

"रस्त्यात ओल दिसली, तर तुम्ही काय करायचा?"

मेस्त्री खिडकीबाहेर बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "खणूचा लागता."

"मग?"

"तू नको. राजेशाक येवंदे."

"राजेश शनिवारी येणार. तोपर्यंत असंच?"

"माका लाज वाटता गो."

श्रुतिका बाहेर गेली. परत आली तेव्हा तिच्या अंगावर हॉस्पिटलचा युनिफॉर्म होता, केस बांधलेले, हातात ग्लोव्ह्ज. तिने मेस्त्रींना बाबा म्हटलं नाही.

"काका, डाव्या कुशीवर वळा. पायांमध्ये उशी धरा."

मेस्त्री वळले. तोंड भिंतीकडे केलं. जखमेच्या खालच्या टोकाला लहान भोक होतं, भोवतीची कातडी लाल आणि गरम. तिने पंच्याची घडी काढली, स्वच्छ गॉझ लावला आणि तिथूनच डॉक्टरांना फोन केला. आवाज वॉर्डातला होता. फोन ठेवल्यावर मात्र तिचं लक्ष दाराकडे गेलं. ती रोज दारात उभी राहून विचारत होती. आत यायला तिलाही कुणी अडवलं नव्हतं.

हॉस्पिटलात डॉक्टर तिला म्हणाले, "घरात सिस्टर असून?"

मेस्त्रींना त्यांनी विचारलं, काही औषध घेतलंत का? मेस्त्री आधी नाही म्हणाले. मग सुनेकडे न बघता त्यांनी खिशातून कॅप्सूलची अर्धी पट्टी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टर वैतागले. या गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, नुसते दबतात, आणि तपासणीत सापडत नाहीत. कॅप्सूल बंद झाल्या, सांध्यातलं पाणी सुईने काढून तपासायला गेलं.

"ब्लेडमुळे झालां?" मेस्त्रींनी विचारलं.

"ब्लेडमुळेच झालं असं मी सांगू शकत नाही. लपवल्यामुळे वाढलं, हे सांगू शकतो. उघडून धुवायला लागेल. धातू हाडाला घट्ट असेल तर ठेवू, नाहीतर सांधा काढावा लागेल. मग काही महिने सांध्याशिवाय, पुन्हा ऑपरेशन."

दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी सिस्टर मशीन घेऊन आली. मेस्त्रींनी डोळे मिटले आणि पाय सरळ केला.

जागा उघडून धुतली, सांध्यातला प्लास्टिकचा भाग बदलला, धातू राहिला. अनेक आठवडे शिरेतून औषध गेलं, आता गोळ्या चालू आहेत. रक्ताचे रिपोर्ट उतरत आहेत. सांधा वाचला असं डॉक्टर अजून म्हणत नाहीत. आहे तिथे आहे, म्हणतात.

राजेश परत आला आहे, पण ड्रेसिंग श्रुतिका करते. संध्याकाळी ती युनिफॉर्म न बदलता थेट खोलीत येते. मेस्त्री तिला त्या वेळी सिस्टर म्हणतात. ती पाणी येतंय का विचारत नाही. ते स्वतःच कुशीवर वळतात, भिंतीकडे तोंड करून. काम झालं की ती ग्लोव्ह्ज काढते, साडी नेसून चहा घेऊन येते.

तो कप घेताना मेस्त्री अजून तिच्याकडे बघत नाहीत.